कार्ड घेण्याआधी एसएमपीएस बघा: गेमिंग पीसी अपग्रेड करताना वॅटचं गणित

मे महिन्यातली दुपार. जुळे सोलापुरातून भाच्याचा फोन.

"मामा, नवीन ग्राफिक्स कार्ड टाकलं. डेस्कटॉप मस्त चालतोय, पण गेम लावला की दोन मिनिटांत पीसी फटकन बंद. लाइट गेल्यासारखा."

"एसएमपीएस कुठला आहे?"

"आहे की साडेचारशे वॅटचा! कॅबिनेटबरोबर आला होता तोच."

"कॅबिनेटबरोबर आला होता" एवढं कानावर पडलं की मला पुढचं विचारावं लागत नाही. २०१७ साली असाच एक फुकटचा डबा माझ्या टेबलाखाली फुटला होता. ठो आवाज, जळका वास आणि मदरबोर्डासकट हार्डडिस्क खलास. याच भाच्याच्या बारशाचे फोटो त्या हार्डडिस्कमध्ये होते, ते आजही बहीण मला अधूनमधून ऐकवते.

लोक कार्डावर तीस-पस्तीस हजार घालतात आणि त्याला वीज देणाऱ्या वस्तूवर चार हजार घालायला कुरकुरतात. म्हणून हा लेख. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज घेऊन पीसीच्या सगळ्या भागांना पुरवणारा डबा. इंटरनेटवर याला पीएसयू म्हणतात, पण नवी पेठेतल्या काउंटरवर एसएमपीएसच म्हणायचं, म्हणून मीही तेच म्हणतो. आणि क्रम लक्षात ठेवा: आधी एसएमपीएसचं गणित, मग कार्ड. भाच्याने उलट केलं.

पहिली पायरी: खोक्यावरचा आकडा सोडा, स्टिकर वाचा

कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा. एसएमपीएसवर एक स्टिकर असतो. त्यावर ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट असे रकाने असतात आणि प्रत्येकाखाली अँपिअर. आपल्याला बघायची ती १२ व्होल्टची लाइन. पूर्वीचे संगणक ५ आणि ३.३ व्होल्टवरही बरीच वीज खायचे. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, म्हणजे खरे खादाड, दोघंही १२ व्होल्टवरच जगतात.

गुणाकार सोपा: व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. भाच्याच्या डब्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॅट आणि १२ व्होल्टच्या खाली बारीक अक्षरात १७ अँपिअर. १२ गुणिले १७ म्हणजे २०४ वॅट. बाकीचे वॅट ज्या लाइनींवर दाखवले होते, तिथे आजच्या पीसीला त्यांचा फारसा उपयोग नाही. म्हणजे गेमिंगच्या हिशेबाने तो साडेचारशेचा नव्हताच, दोनशेचा होता.

चांगल्या कंपनीच्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टखाली ४५ अँपिअरच्या आसपास आकडा दिसतो. म्हणजे छापलेले जवळपास सगळे वॅट १२ व्होल्टवर मिळतात. खरा आणि खोटा ओळखायची ही पहिली खूण. दुसरी खूण म्हणजे वजन. हातात घेतल्यावर रिकाम्या डब्यासारखा लागला तर आत तांबं आणि हीटसिंक (उष्णता शोषणारे धातूचे तुकडे) कमी आहे असं समजा. तिसरी खूण मागच्या बाजूला ११५/२३० लिहिलेलं लाल बटण. ते असेल तर डिझाइन जुनं आहे. आणि ते चुकून ११५ वर सरकलं तर आपल्या २३० व्होल्टवर एसएमपीएस लावताक्षणी उडतो. लहान मुलांच्या घरात हे घडलेलं मी पाहिलं आहे.

दुसरी पायरी: पार्टची बेरीज

कागद घ्या. मोबाइलवरचे कॅल्क्युलेटर आहेत, पण एकदा हाताने केलं की डोक्यात बसतं.

ग्राफिक्स कार्डाचे वॅट कंपनीच्या साइटवर मिळतात. नेहमीच्या कार्डांचे अंदाजे आकडे असे: जीटीएक्स १६५० ला ७५ वॅट, आरटीएक्स ४०६० ला ११५, आरटीएक्स ५०६० ला १४५, आरएक्स ७६०० ला १६५, आरटीएक्स ३०६० ला १७०, आरटीएक्स ५०६० टीआयला १८०, आरटीएक्स ४०७० ला २००, आरटीएक्स ५०७० ला २५०, आरएक्स ९०७० एक्सटीला ३०४. आणि ज्यांचे वडील फारच प्रेमळ आहेत त्यांच्यासाठी, आरटीएक्स ५०९० ला ५७५.

प्रोसेसरच्या बाबतीत फसगत होते, कारण खोक्यावर "६५ वॅट" असतं आणि लोक तेच धरतात. इंटेलच्या बाबतीत तो पायाभूत आकडा आहे. आय५-१२४००एफ टर्बोमध्ये, म्हणजे पूर्ण जोर लावल्यावर, ११७ वॅटपर्यंत जातो, आय५-१३४००एफ १४८ पर्यंत आणि आय७-१४७००के थेट २५३ पर्यंत. एएमडीच्या ६५ वॅटच्या रायझनला सॉकेटवरून ८८ वॅटपर्यंत आणि १०५ वॅटच्या रायझनला १४२ पर्यंत घ्यायची मुभा असते. बेरजेत नेहमी हा वरचा आकडा धरा.

उरलेलं सगळं मिळून, म्हणजे मदरबोर्ड, रॅम, एनव्हीएमई एसएसडी, एखादी जुनी हार्डडिस्क, तीन-चार पंखे आणि ते लाल-निळे दिवे, ५० ते ६० वॅट धरा. यात जास्त डोकं घालू नका.

भाच्याची बेरीज: प्रोसेसर आय५-१२४००एफ ११७, कार्ड आरटीएक्स ५०६० टीआय १८०, बाकीचं ५५. एकूण ३५२ वॅट. त्यातले जवळजवळ तीनशे १२ व्होल्टवर, आणि लाइनची ताकद २०४. आधी त्याच्याकडे जीटीएक्स १६५० होतं. ७५ अधिक ११७ म्हणजे १९२, त्यातही गेममध्ये प्रोसेसर क्वचितच पूर्ण ताणला जातो. म्हणून दोन वर्षं तो डबा रडतखडत चालला. "आधी तर चालत होता की!" या त्याच्या प्रश्नाचं उत्तर या दोन ओळींत आहे.

तिसरी पायरी: बेरजेच्या वर किती?

३५२ आलं म्हणून ४०० चा घ्यायचा नाही. कारणं तीन आहेत, पण त्यातलं एकच नीट समजून घेण्यासारखं आहे.

ते म्हणजे उसळी. कार्डावर लिहिलेले १८० वॅट ही सरासरी. प्रत्यक्षात गेममध्ये स्फोट झाला, नवा सीन आला, की कार्ड काही मिलिसेकंदांसाठी त्याच्या कितीतरी वर उडी मारतं. डोळ्याला किंवा साध्या मीटरला ते दिसत नाही, पण एसएमपीएसमधल्या संरक्षण सर्किटला दिसतं आणि ते सगळं बंद करतं. २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० आणि ३०९० आली तेव्हा चांगल्या कंपन्यांचे ७५० वॅटचे एसएमपीएससुद्धा या उसळीने ट्रिप होत होते. त्यानंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये इंटेलने एसएमपीएससाठी एटीएक्स ३.० हा नवा नियम काढला. त्यात मोठ्या एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंदांपर्यंत झेलला पाहिजे अशी अट आहे. पुढे एटीएक्स ३.१ आला. आज नवीन घेताना खोक्यावर एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेलं असेल तर चांगलंच. छोट्या कार्डासाठी ते नसलं तरी अडत नाही, पण २०० वॅटच्या वरच्या कार्डाला मी तरी आता त्याशिवाय घेणार नाही.

बाकीची दोन कारणं पटकन: एसएमपीएस वर्षांनुवर्षं वापरून थोडा थकतो, आणि निम्म्या भारावर तो सगळ्यात कमी वीज वाया घालवतो.

माझा नियम असा आहे: बेरजेला दीडने गुणा आणि बाजारात मिळणाऱ्या पुढच्या आकड्यावर जा. ३५२ गुणिले दीड म्हणजे ५२८. म्हणजे ५५० पुरतो. दोन वर्षांनी अजून मोठं कार्ड टाकायचं डोक्यात असेल तर ६५०. कार्डाची कंपनी एनव्हिडिया या कार्डासाठी ६०० वॅटची शिफारस करते. कंपन्या हा आकडा मुद्दाम सढळ ठेवतात, कारण समोरच्याकडे प्रोसेसर कुठला आणि एसएमपीएस कसा हे त्यांना माहीत नसतं. भाच्याला मी ६५० घ्यायला लावला, कारण तो शांत बसणाऱ्यातला नाही.

आता हमखास येणारा प्रश्न. आमच्या मेहुण्यांनीच विचारला: "साडेसहाशे वॅटचा लावल्यावर बिल वाढेल की हो!" नाही वाढत. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या आपल्या गावात टाकीचं गणित कुणाला शिकवायला नको. गच्चीवर हजार लिटरची टाकी बसवली म्हणून कुणी जास्त अंघोळ करत नाही. पीसीला जेवढे वॅट लागतात तेवढेच एसएमपीएस ओढतो. तरीपण उगाच हजार वॅटचा घेऊ नका. पीसीवर नुसतं यूट्यूब चालू असताना तो पाच-सात टक्के भारावर रेंगाळतो आणि तिथे त्याची कार्यक्षमता पडते. नुकसान होत नाही, पैसे मात्र वाया जातात.

चौथी पायरी: वायरी मोजा

वॅट जमले तरी वायर जुळली पाहिजे. मदरबोर्डाच्या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटपर्यंत मिळतात. कार्डावर ६ पिनचा कनेक्टर असेल तर आणखी ७५, ८ पिनचा असेल तर १५०. म्हणून जीटीएक्स १६५० च्या बऱ्याच कार्डांना वायरच लागत नाही. नव्या मोठ्या कार्डांवर १६ पिनचा छोटा कनेक्टर असतो, तो ६०० वॅटपर्यंत देऊ शकतो.

भाच्याच्या जुन्या डब्याला ८ पिनची वायरच नव्हती. दुकानदाराने त्याला शंभर-दीडशे रुपयांचा कनव्हर्टर दिला होता, मोलेक्समधून, म्हणजे जुन्या चार पिनच्या कनेक्टरमधून, ८ पिन काढणारा. ज्या एसएमपीएसला कंपनीने ८ पिनची वायर दिलेली नाही, त्याने आपली कुवत स्वतःच सांगितलेली असते. कनव्हर्टर म्हणजे त्याच्या तोंडावर हात ठेवणं. साटामधून, म्हणजे हार्डडिस्कच्या वायरीतून, ६ पिन काढणारे कनव्हर्टर तर हातात आले तरी लावू नका. साटाच्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. म्हणजे ५४ वॅट. आणि समोरचा मागणार ७५. प्लास्टिक वितळतं, कधी आगही लागते.

कार्डाला दोन ८ पिन लागत असतील तर एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र वायरी आणा. एकाच वायरीच्या टोकाला लटकणारा दुसरा कनेक्टर छोट्या कार्डाला चालतो, मोठ्याला नको.

प्रोसेसरची ८ पिन आणि कार्डाची ८ पिन दिसायला भाऊ-भाऊ, पण आतली जोडणी उलटी. प्रोसेसरची ४ अधिक ४ अशी फुटते, कार्डाची ६ अधिक २. जोर लावून बसवावी लागत असेल तर ती चुकीची आहे.

एक वेगळी गोष्ट ज्यांनी ऑफिसमधला जुना डेल घेतला आहे त्यांच्यासाठी. कॉलेजच्या पोरांत हे फार चालतं: रीफर्बिश्ड ऑप्टिप्लेक्स घ्यायचा आणि त्यात कार्ड टाकायचं. ऑप्टिप्लेक्स ९०२० च्या टॉवरमध्ये २९० वॅटचा एसएमपीएस असतो, तो प्रामाणिक असतो, पण कार्डासाठी वेगळी वायर देत नाही. शिवाय त्याच्या मदरबोर्डाला नेहमीचा २४ पिनचा कनेक्टर नसून डेलचा स्वतःचा ८ पिनचा आहे. बाजारातला एसएमपीएस लावायचा तर २४ ते ८ पिनचा खास कनव्हर्टर लागतो. छोट्या आडव्या मॉडेलमध्ये तर आकारच वेगळा, तिथे साधा एसएमपीएस मावतच नाही. अशा मशीनमध्ये विनावायरीचं ७५ वॅटचं कार्ड टाका आणि समाधानी राहा.

पाचवी पायरी: आपलं ऊन, आपली धूळ, आपली लाइट

परदेशी व्हिडिओ बघून एसएमपीएस घेणाऱ्यांचं इथे चुकतं. त्यांच्या खोलीत २२ अंश असतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त, आणि कॅबिनेटच्या आत आणखी दहा.

छापलेले वॅट किती तापमानाला मिळतात हे चांगली कंपनी सांगते. ४० किंवा ५० अंश असं लिहिलेलं असेल तर बरं. काही स्वस्त मॉडेलचा आकडा २५ अंशाला मोजलेला असतो. तो सोलापुरात डिसेंबरच्या पहाटे मिळेल. आत वीज साठवणारे कपॅसिटर १०५ अंशांचे आहेत का ८५ चे, हेही बघा. माहितीपत्रकात सहसा असतं. उष्णता वाढली की कपॅसिटरचं आयुष्य झपाट्याने घटतं, आणि एसएमपीएस मरतो तो बहुतेक वेळा त्यांच्यामुळेच.

धुळीचं म्हणाल तर आपली धूळ वेगळी आहे. पूर्व भागात, अक्कलकोट रोडच्या बाजूला, ज्यांच्या शेजारी यंत्रमाग आहेत त्यांच्या कॅबिनेटमधून मी कापसाची गादीच्या गादी काढली आहे. सुताचा तो बारीक तूस पंख्याला आणि जाळीला चिकटून हवा बंद करतो. तिथे दर महिन्याला जाळी साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं काडीने अडवा, नाहीतर तो उलटा गरगरतो आणि बेअरिंग जातं. कॅबिनेटखाली जाळी असेल तर एसएमपीएसचा पंखा खाली तोंड करून बसवा, नसेल तर वर. आणि धूळ बसू नये म्हणून चालू पीसीवर चादर टाकणारे लोक आहेत. चादर आपली जगात भारी, पण एसएमपीएसला नको.

आता लाइट. फताटेवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॅटचं केंद्र आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिण भारताचं ग्रिड उरलेल्या देशाशी जोडलं गेलं ते रायचूर ते सोलापूर या ७६५ केव्हीच्या वाहिनीनेच. एवढं सगळं खरं, पण गल्लीतल्या डीपीचा फ्यूज उडाला की आपला पीसी बंद पडायचा तो पडतोच.

एसएमपीएसकडे स्वतःची थोडी शिदोरी असते. वीज गेल्यावर चांगला एसएमपीएस जवळजवळ पूर्ण भारावरही पंधरा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे ही शिदोरी त्याहून थोडी कमी. यूपीएस साधारण चार ते दहा मिलिसेकंदांत वीज हाती घेतो, म्हणून जमतं. स्वस्त डब्यात ही शिदोरी तोकडी असते, म्हणून यूपीएस असूनही पीसी रीस्टार्ट होतो आणि शिव्या यूपीएसला बसतात. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी चालवत असाल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे ना, ते बघा. दुसऱ्या मोडमध्ये तो जास्त वेळ घेतो.

यूपीएसचं मापही वॅटमध्येच तपासा. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. भाच्याचा पीसी आत ३५२ वॅट वापरतो, पण भिंतीतून ओढताना एसएमपीएसमधली तूट धरून ४०० च्या घरात जातो. वर मॉनिटर. गेम चालू असताना लाइट गेली की ६०० व्हीएचा यूपीएस किंचाळून बसणार. त्याला १००० ते ११०० व्हीए पाहिजे. चौकोनी लहरीची वीज देणाऱ्या स्वस्त यूपीएसवर काही चांगले एसएमपीएस (स्टिकरवर अ‍ॅक्टिव्ह पीएफसी लिहिलेले) कुरकुरतात. शक्य असेल तर प्युअर साइन वेव्ह, म्हणजे भिंतीतल्यासारखी गुळगुळीत लहर देणारा, घ्या.

व्होल्टेज संध्याकाळी उतरत असेल तर स्टिकरवर इनपुट १००-२४० आहे की २००-२४० ते वाचा. पहिला १७०-१८० व्होल्टवरही निवांत चालतो. दुसरा आपल्या देशासाठीची स्वस्त आवृत्ती म्हणून येतो. शहराच्या मध्यात ठीक, पण शेतातल्या वस्तीवर नको. पहिल्या प्रकाराला वेगळा स्टॅबिलायझर सहसा लागत नाही.

आणि अर्थिंग. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात ना? एसएमपीएसच्या इनपुटला असलेले छोटे कपॅसिटर अर्थिंग नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मं व्होल्टेज आणून ठेवतात. करंट फार थोडा, म्हणून फक्त झिणझिणतं. पण यूएसबी आणि एचडीएमआयची पोर्टं त्याने जाऊ शकतात. एसएमपीएस बदलून हे जाणार नाही. वायरमन बोलवा आणि तीन पिनच्या प्लगची वरची जाड पिन कुठेतरी खरंच जोडलेली आहे का ते बघायला लावा. दोन पिनचा जुगाड कनव्हर्टर काढून फेकून द्या.

सहावी पायरी: खरेदी

"८० प्लस" या शिक्क्याबद्दल एक गैरसमज. तो कार्यक्षमतेचा शिक्का आहे, दर्जाचा नाही. साधा ८० प्लस म्हणजे २०, ५० आणि १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता. त्याच शिक्क्याच्या वरच्या पायऱ्या म्हणजे ब्रॉन्झ, गोल्ड वगैरे. गोल्डला निम्म्या भारावर ९० टक्के लागते. हे मोजमाप ११५ व्होल्टवरचं. आपल्या २३० वर थोडं जास्तच मिळतं.

पैशात किती फरक पडतो? पीसी आत ३०० वॅट वापरतो असं धरू. ८० टक्केवाला भिंतीतून ३७५ वॅट घेईल, ९० टक्केवाला ३३३. फरक ४२ वॅट. रोज चार तास गेम म्हणजे महिन्याला पाच युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर पन्नास रुपये. म्हणजे निव्वळ बिलासाठी गोल्ड घेण्यात दम नाही. पण गोल्ड कमी तापतो, पंखा कमी फिरतो, आणि आपल्या उन्हात मला तेवढ्यासाठी तो आवडतो. बजेट तंग असेल तर चांगला ब्रॉन्झ घ्या, साधारण चार-पाच हजारांत ५५० चा येतो.

दुकानात "चांगला साडेपाचशेचा द्या" असं म्हणू नका. मॉडेलचं पूर्ण नाव सांगा. एकाच कंपनीची एक मालिका उत्तम असते आणि दुसरी टाकाऊ, त्यामुळे नुसत्या ब्रँडवर जाऊ नका. घरी बसून त्या मॉडेलचं परीक्षण वाचा. सायबेनेटिक्स ही एसएमपीएस तपासणारी संस्था मॉडेलवार चाचणीचे अहवाल फुकट प्रसिद्ध करते, त्यात दिसलं तर उत्तम. वॉरंटी पाच वर्षं किंवा जास्त पाहिजे. ज्याला स्वतःच्या मालाची खात्री नाही तो पाच वर्षं देत नाही. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि वॉरंटीत वस्तू कुठे द्यायची ते तिथेच विचारा. ऑनलाइन दोनशे रुपये वाचवून पुढे पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला अडीचशे किलोमीटर हेलपाटे घालण्यापेक्षा, स्वतः पाठवून देणारा गावातला दुकानदार परवडतो.

कार्ड सेकंडहँड घ्या, मीही घेतो. एसएमपीएस सेकंडहँड नको. आतले कपॅसिटर किती तापून निघालेत ते बाहेरून कळत नाही.

सातवी पायरी: बसवणं

पीसी बंद करा, प्लग काढा, मग पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा. जुन्या वायरींचा मोबाइलवर फोटो काढा. मागचे चार स्क्रू काढले की एसएमपीएस बाहेर येतो. त्याचा डबा मात्र उघडू नका, प्लग काढलेला असला तरी. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट साठून राहिलेले असू शकतात.

नवीन एसएमपीएस मॉड्युलर असेल, म्हणजे वायरी सुट्या असतील, तर जुन्याच्या सगळ्या वायरी काढा. "बसतेय तर ठेवू" ही सगळ्यात महागडी चूक. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांचीही. दुसऱ्याची वायर बसते, पण १२ व्होल्ट भलत्याच पिनवर जातात आणि हार्डडिस्क मरते.

२४ पिन मदरबोर्डाला, ४ अधिक ४ प्रोसेसरजवळ वरच्या डाव्या कोपऱ्यात, ६ अधिक २ कार्डाला. प्रत्येक वेळी टक् आवाज यायला हवा. १६ पिनचा कनेक्टर असेल तर तो पूर्ण आत गेला आहे हे टॉर्च लावून बघा आणि कनेक्टरला लागूनच वायर वाकवू नका. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० चे कनेक्टर वितळल्याच्या बातम्या आल्या, त्यात अर्धवट बसवलेले कनेक्टर हे मोठं कारण निघालं. नंतर त्याची पिनरचनाही सुधारली.

आठवी पायरी: तपासणी

पीसी सुरू झाला म्हणजे झालं असं नाही. एचडब्ल्यूइन्फो हे व्होल्टेज दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर टाका, आणि अर्धा तास ओसीसीटी किंवा फरमार्कने भार द्या. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या आत राहायला हवी. ही एटीएक्सची पूर्वापार मर्यादा आहे. चांगला एसएमपीएस ११.९ च्या खाली क्वचितच जातो. सॉफ्टवेअरचा आकडा मदरबोर्डाच्या सेन्सरचा असल्याने कधी हास्यास्पद असतो. शंका आली तर मल्टिमीटर घ्या, मोकळ्या मोलेक्सच्या पिवळ्या आणि काळ्या वायरीत काड्या लावा आणि भार चालू असताना बघा. हिरवी आणि काळी वायर पेपरक्लिपने जोडून पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, असं गावातले बरेच जण सांगतात. त्यातून फक्त तो जिवंत आहे एवढंच कळतं. भार पेलतो की नाही, ते नाही.

चाचणी दुपारी करा, रात्री नको. खोली तापलेली असतानाच खरं काय ते कळतं.

नवा एसएमपीएस लावूनही गेममध्ये बंद पडत असेल तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये जा. तिथे कर्नल-पॉवर ४१ दिसेल आणि लोक लगेच एसएमपीएसवर बोट ठेवतील. त्याचा अर्थ फक्त "संगणक नीट बंद न होता गेला" एवढाच असतो. निळा पडदा येऊन बंद होत असेल तर आधी रॅम आणि ड्रायव्हर बघा. हळूहळू गरम होऊन बंद होत असेल तर प्रोसेसरचं तापमान. आणि काही न सांगता, खटका दाबल्यासारखा, तेही भार वाढतानाच बंद होत असेल, तर संशय पुन्हा वायरी, कनेक्टर आणि एसएमपीएसकडे.

भाच्याचं मशीन दुपारी दोनला लावलं. पंखा फुल, खोलीत कूलर बंद. अर्ध्या तासाने मल्टिमीटरवर १२.०४. त्याचा चेहरा फुलला, लगेच गेम लावला. जुना साडेचारशेचा डबा तो मित्राला तीनशे रुपयांत देणार होता. मी त्या डब्याच्या सगळ्या वायरी बुडापासून कापल्या आणि मग इलेक्ट्रॉनिक भंगारवाल्याकडे द्यायला लावला.